हाताला पान लागलंय

४ सप्टेंबर

ताई,

नमस्कार आधी, भांडण नंतर. कॉलेज अर्धवट टाकून मी नक्की काय मिळवलं, असं तू विचारलंस. तर ऐक. नोकरी मिळाली, दवाखान्यामागची एक खोली मिळाली आणि डाव्या मनगटावर कायमचा डाग मिळाला. डागाची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती, आज पूर्ण सांगतो. तू माझी पत्रं जेवताना सगळ्यांना वाचून दाखवतेस हे मला माहीत आहे, तेव्हा भाऊजींसमोर एवढा भाग गाळ.

प्राध्यापकांच्या टेबलावर पुस्तकं आपटून मी घरी यायला निघालो, इथवर तुला ठाऊक आहे. वाटेत बस तापली. ड्रायव्हर बिडी ओढत नुसता उभा, म्हणून मीच पुढे झालो आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफेने हात सोलून निघाला. लोकांनी मला जवळच्या दवाखान्यात आणून टाकलं. तिथल्या सिस्टरने माझा हात नळाखाली धरला, बराच वेळ धरला, मग पट्टी बांधता बांधता म्हणाली, "झाकण गार होईपर्यंत ज्यांना थांबता येत नाही, अशी माणसं मला रोज बघावी लागतात."

झालं. बस दुरुस्त होऊन निघून गेली, मी राहिलो. त्यांना रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर हवा होता, आणि बाबांच्या ट्रकवर मी मिसरूड फुटायच्या आधीच हात साफ केलेला. आता तू म्हणशील, तडतड्या, मुलगी बघून नोकरी धरलीस. हो, धरली. पुढे?

दवाखाना म्हणजे एक लांबट कौलारू इमारत, तीन खोल्या आणि एक व्हरांडा. व्हरांड्यात टेबल, टेबलावर फोन. गाडी उभी असली की फोन माझ्याकडे. कापणीचे दिवस आहेत, आणि या दिवसांत इथे तापाच्या रोग्यांपेक्षा साप चावलेले जास्त येतात. इथल्या सापांच्या दोन तऱ्हा, सिस्टरने शिकवल्या. एकाच्या विषाने रक्त पातळ होतं, दुसऱ्याच्या विषाने श्वास बंद पडतो. पहिला ओळखायला रोग्याचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतात आणि वीस मिनिटं तसंच ठेवतात. गोठलं तर बरं, नाही गोठलं तर फ्रीजमधलं विषावरचं इंजेक्शन. नळीजवळ बसायचं काम तिने मुद्दाम मला दिलंय. हलवायची नाही, उचलून बघायची नाही, नुसतं बसायचं. परवा एका कापणीवालीची नळी घेऊन बसलो होतो, पाय इतका सुजलेला की पैंजण कापून काढावे लागले. मी आठव्या मिनिटालाच नळी तिरकी करून पाहिली. सिस्टरने ती ओतून टाकली, बाईला पुन्हा टोचलं आणि मला पुन्हा बसवलं. त्यापेक्षा कानाखाली मारली असती तरी चाललं असतं. बाई वाचली.

डॉक्टर म्हातारे आहेत, चांगले आहेत, पण येईल त्या रोग्याला त्यांचा पहिला प्रश्न एकच, "उशीर का केला?" म्हणून आम्ही त्यांचं नावच उशीर ठेवलंय. उशीर आले, उशीर जेवायला गेले.

आता शत्रूविषयी. इथला टपाल्या. सायकलवर येतो, पत्रं एक आणि गप्पा दहा. सिस्टरला कुणाचं पत्र नसलं तरी हा पाणी प्यायला थांबतोच. मला म्हणतो, "ड्रायव्हरसाहेब, तुमच्या ताईंचं पाकीट उचलायला दोघं लागले." ती हसते. माझ्या कुठल्याच विनोदावर ती इतकी हसलेली नाही. तो इथलाच, आईबरोबर राहतो, आणि सिस्टरशी बोलताना त्याचा आवाज निम्मा होतो. सगळं दिसतं मला. मी काही आंधळा नाही.

आणि आज तर कहर झाला. दुपारी फोन वाजला. सिस्टर आत कुणाचे टाके काढत होती. पलीकडून एक पुरुष, आणि जीभ अशी जड की भरदुपारी चांगलीच चढवलेली असणार. फोन नाक्यावरच्या चौकीतला असावा, तिथूनच असं खरखरतं. नाव नाही, गाव नाही, एकदम, "सिस्टरला म्हणावं, ये." म्हटलं, सिस्टर कामात आहे, काय ते मला सांगा. तर म्हणतो, "पान लागलंय." कसलं पान? "हाताला पान लागलंय. तिला म्हणावं, ये." आवाज ओळखीचा वाटला, पण दारूत सगळ्यांचे आवाज सारखेच. ताई, माझं डोकं सणकलं. हाताला कुठली खाजरी पानं लागली म्हणून सरकारी सिस्टरने नाक्यावर यायचं? आणि "ये" म्हणणारा हा कोण टिकोजी? मी म्हटलं, "पान लागलं असेल तर हात धुऊन टाक की," आणि फोन आपटला. सिस्टरला सांगितलं नाही. अशा लोकांना असंच ठेवावं लागतं.

तर हे असं चाललंय. आईला सांग, मी जेवतो. बाबांना काही सांगू नकोस.

बाहेर एक ट्रॅक्टर येऊन थांबलाय, भोंगा वाजवत सुटलाय. जातो. पाकीट इथेच बंद करतो.

तुझा
तडतड्या

•

९ सप्टेंबर

ताई,

मागचं पत्र शहरात जाताना वाटेतल्या पेटीत टाकलं, ते मिळालं असेल. त्यात टपाल्याबद्दल जे लिहिलं ते मनातून काढून टाक. तो मरणाच्या दारात आहे.

त्या ट्रॅक्टरमध्ये तोच होता. ट्रॉलीत खडीवर आडवा, सायकल शेजारी टाकलेली. नाक्याच्या पलीकडे मोरीजवळ एक टपालपेटी आहे, मागून गंजून फुटलेली, उंदरांनी घर केलेली. उंदरांमागे साप आला असणार. याने पत्रं काढायला हात घातला. पेटीचं दार उघडं आणि पत्रं रस्त्यावर, असं ट्रॅक्टरवाल्याने पाहिलं. हा जरा पुढे गवतात पडलेला. नाक्यावरचा पहारेकरी जेवायला घरी गेला होता, नाहीतर त्याला तरी दिसला असता.

पापण्या अशा मिटलेल्या की बोटाने उघडल्या तरी खाली येत होत्या. तोंडातून लाळ. छाती हलतेय की नाही ते कळत नव्हतं. उजव्या हातावर दोन ठिपके, सुईने टोचल्यासारखे. डॉक्टरांनी सवयीने विचारलं, "उशीर का केला?" उत्तर द्यायला कुणी नव्हतंच. सिस्टरने त्याच्याकडे एकदा पाहिलं, आणि त्यानंतर तिचा चेहरा दगडाचा झाला. तिने शीर शोधली, इंजेक्शनं भरली, डॉक्टरांनी घशात नळी घातली. श्वास देणारं यंत्र आमच्याकडे आहे, पण बिघडलेलं. मग रबरी फुगा असतो तो नळीला लावायचा आणि हाताने दाबायचा. दाबला की छाती वर, सोडला की खाली. माणसाचा सगळा श्वास दुसऱ्याच्या मुठीत.

डॉक्टर म्हणाले, ड्रायव्हर, इकडे ये. तुला खोटं सांगत नाही, फुगा हातात आला तेव्हा पहिला विचार आला, याला मी का वाचवू? तो विचार एका श्वासापुरताच टिकला, कारण लगेच पुढचा द्यायचा होता. सिस्टर शेजारी उभी राहून म्हणत होती, "दाबा. सोडा. घाई नको. दाबा. सोडा." माझे हात भरून आले, मग बधिर झाले, मग माझे राहिलेच नाहीत. मधे ती त्याच्या कानाशी वाकून सांगत होती की आम्ही इथेच आहोत, घाबरू नको. मी विचारलं, त्याला ऐकू येतं? म्हणाली, या विषाने अंग बंद पडतं, कान नाही.

उजाडल्यावर त्याला गाडीत घातला. मागे ती फुगा दाबत बसली, पुढे मी. खड्डा आला की ती ओरडायची, मग मी खड्ड्याआधीच "खड्डा" म्हणून ओरडायला लागलो. मोठ्या इस्पितळात पोचलो. तिथे यंत्र आहे. तिसऱ्या दिवशी श्वास स्वतःचा घ्यायला लागला म्हणे, पण डोळे उघडत नाही. आमचे डॉक्टर त्याला बघून आले आणि व्हरांड्यात बसून म्हणाले, अर्धा तास. अर्धा तास आधी हाती लागला असता तर आज पत्रं वाटत फिरला असता. मेंदूला हवा कमी पडली.

मला राहून राहून राग येतो. दुपारची वेळ, रस्ता चालू, कुणाच्याच नजरेला पडला नाही? कुणी एक फोन केला असता तर मी गाडी घेऊन वाऱ्यासारखा गेलो असतो.

काल सिस्टर म्हणाली, "तुमच्या हातांनी तो जिवंत आहे." ताई, असं वाक्य ऐकण्यासाठी मी काय काय केलं असतं. पण असं नको होतं.

टपाल बंद पडलंय. नवा माणूस मिळेपर्यंत आठवड्यातून एकदा गाडीतून पिशवी मीच आणणार. तुझं पत्र उशिरा मिळेल.

तडतड्या

•

१३ सप्टेंबर

प्रिय तडतड्या,

तुझं चार तारखेचं पत्र काल आलं. नेहमीप्रमाणे जेवताना वाचलं. तू सांगितलेला भाग गाळला नाही, भाऊजी खूप हसले. नळीचं वाचलं, टपाल्याचं वाचलं, मग फोनचं. "हात धुऊन टाक की" यावर हे इतके हसले की ठसका लागला. मीही हसले.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, "सूनबाई, ते पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. म्हणाल्या, "मुलगा शहरातला आहे का?" म्हटलं, आम्ही दोघंही शहरातच वाढलो. मग त्यांनी ताट बाजूला सारलं.

तडतड्या, रानात राहणारी माणसं त्याचं नाव घेत नाहीत. साप चावला असं म्हणत नाहीत. पान लागलं म्हणतात. सासूबाईंच्या थोरल्या भावाला शेतात पान लागलं आणि तो गेला, असं त्या नेहमी सांगायच्या, आणि मी इतकी वर्षं समजत होते की त्याने काही विषारी पाला खाल्ला. हे खाली मान घालून बसले. यांनाही माहीत होतं, हसण्याच्या भरात लक्षात आलं नाही.

आणि जीभ जड होती म्हणालास. सासूबाई म्हणाल्या, ती दारू नव्हती.

मी रात्री डोळा मिटला नाही. उगाच घाबरते आहे असंही असेल. तो माणूस दुसरीकडे कुठे पोचला असेल, कुणी त्याला नेलं असेल. तू एवढं कर, नाक्यावर जाऊन विचार, त्या दिवशी फोन कुणी केला होता. तो कोण होता आणि कसा आहे, ते मला लगेच कळव. आणि तोवर सिस्टरला काही बोलू नकोस.

तुझी
ताई

•

२४ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र आज मिळालं. पिशवी मीच आणली, मीच सोडली, गाडीतच उभ्या उभ्या वाचलं.

नाक्यावर विचारायची गरज नाही. मोरीपासून चौकी दिसते. चौकीचा फोन खिडकीत असतो, बाहेरून हात पोचतो. पहारेकरी जेवायला गेला होता. यातलं बरंचसं मीच तुला लिहिलं होतं, माझ्याच हाताने, आणि मला दिसलं नाही.

तो टपाल्याच होता. त्याने फोन केला, मी आपटला, आणि तो दवाखान्याच्या दिशेने चालत निघाला. जिथे सापडला ती जागा चौकीच्या इकडे आहे. आमच्या बाजूला. ती आली नाही तर आपण जाऊ, असं वाटलं असेल त्याला.

शुक्रवारी तो गेला. डोळे उघडलेच नाहीत.

त्याची आई काल इथे आली होती. तिला कुणीतरी सांगितलं की या ड्रायव्हरने तुझ्या मुलाला रात्रभर श्वास दिला. तिने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. तेव्हा तुझं पत्र यायचं होतं. मी लावू दिले.

•

१ ऑक्टोबर

तडतड्या,

आता मी सांगते ते नीट ऐक आणि एकदा तरी थोरल्या बहिणीचं मान.

तू त्याला मारलं नाहीस. सापाने मारलं. फुटकी पेटी बदलली नाही त्यांनी मारलं. यंत्र दुरुस्त केलं नाही त्यांनी मारलं. तुला शब्द कळला नाही. मला तरी कुठे कळला होता? रात्रभर फुगा दाबलास, तो तूच ना? त्याचा हिशेब कुणी करणार आहे की नाही?

ते चार तारखेचं पत्र मी जाळलं. आता हे तुला, मला, यांना आणि सासूबाईंना माहीत आहे. हे बोलणार नाहीत. सासूबाईंना मी विचारलं नाही, पण त्याही बोलणार नाहीत. नंतर त्या एवढंच म्हणाल्या, "त्या पोराच्या घरी कोण कोण आहे?" मी म्हटलं, आई. त्या उठून आत गेल्या.

तू बोललास तर काय होईल ते मला माहीत आहे. चौकशी, पोलीस, पेपर. बाबांचं हृदय कसं आहे तुला ठाऊक आहे. आणि तू बोलून तो उठून बसणार असेल तर बोल, मी अडवणार नाही. त्या माऊलीला आपल्या मुलाला श्वास देणारा कुणीतरी भेटला, एवढं तरी तिच्याजवळ आहे. ते काढून घेऊन तिला काय देणार आहेस?

तुझा स्वभाव मी ओळखते. मनात आलं की झाकण उघडतोस. या वेळी थांब. राजीनामा दे, आजारी आहे सांग, घरी ये. तुझी खोली आईने झाडून ठेवली आहे.

ताई

•

२० ऑक्टोबर

ताई,

थांबलो होतो. तू सांगितलंस म्हणून नाही, भीती वाटत होती म्हणून. जवळजवळ महिना झाला, मी कुणाशी भांडलो नाही. फोन वाजला की पहिल्या घंटेलाच उचलतो. परवा नळीजवळ बसवलं तर बसून राहिलो. वेळ कधी संपली कळलं नाही, सिस्टरने खांद्याला हात लावून उठवलं.

आणि म्हणाली, "बघ, आता तुला थांबता येतं."

ताई, नीट वाचलंस का? तुला. ती मला तुम्ही म्हणायची. गेल्या पंधरा दिवसांपासून तू म्हणते. संध्याकाळी काम संपलं की व्हरांड्यात माझ्याशेजारी येऊन बसते, दोन कप चहा घेऊन. तिला वाटतं, त्या रात्रीमुळे मी बदललो. डॉक्टरांना म्हणाली, हा पोरगा एका रात्रीत मोठा झाला. जून महिन्यात मला कुणी म्हटलं असतं की ऑक्टोबरमध्ये ती आपणहून तुझ्याशेजारी बसेल, तर मी गाडी घेऊन सगळ्या गावाला चक्कर मारली असती. टपाल मी आणतो. पाणी प्यायला मी थांबतो. त्याचं सगळं माझ्याकडे आलंय.

फक्त एक गोष्ट ती रोज बोलते. माझ्याशी नाही, समोरच्या रस्त्याशी बोलल्यासारखी. "फोन खिडकीत असतो. नंबर त्याला पाठ होता. मग त्याने मला बोलावलं का नाही?" पहिल्यांदा मी म्हटलं, त्राण राहिलं नसेल. ती म्हणाली, चौकीच्या पुढे चालत आला होता, म्हणजे त्राण होतं. मग स्वतःच कारणं शोधते. आदल्या दिवशी ती त्याला काहीतरी तोडून बोलली होती, रोज रोज थांबत जाऊ नका, लोक बघतात, असं. तिला वाटतं, तो त्या रागाने फोन न करता पुढे गेला. आपल्याशी बोलायला नको म्हणून मेला, असं तिला वाटतं.

काल तिने हे सांगितलं तेव्हा चहाचा कप तिच्या हातात होता आणि तो पिववेना म्हणून तिने माझ्या हातात दिला.

तू विचारलंस, त्याच्या आईजवळ जे आहे ते काढून घेऊन तिला काय देणार? माहीत नाही. पण सिस्टरला काय द्यायचं ते माझ्याजवळ आहे. ते तिचंच आहे. मी ते तिच्यापर्यंत पोचू दिलं नाही, आणि आता त्यावर बसून तिचा चहा पितोय.

बाबांना तू सांभाळ. मला घरी बोलावू नकोस. उद्या दुपारी टाक्यांची रांग संपली की सांगतो.

•

१६ नोव्हेंबर

ताईंना नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी तुमचं पत्र मला मिळालं. दोनदा वाचलं. उत्तर द्यायला उशीर झाला. इथे उशीर हा शब्द मी आता सहज वापरत नाही, पण झाला.

तुमच्या भावाने मला सांगितलं. फ्रीजजवळ मी इंजेक्शनांच्या तारखा बघत होते, तो येऊन उभा राहिला आणि एका दमात सगळं बोलला. आधी मला समजलंच नाही. मग मी त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्या फोनमधलं बोलणं पुन्हा सांगायला लावलं. शब्दाला शब्द. तो काय म्हणाला, तू काय म्हणालास, मग तो काय म्हणाला. पुन्हा सांग. किती वेळा सांगायला लावलं ते मला आठवत नाही. शेवटी तो त्याच्यासारखं जड जिभेने म्हणून दाखवायला लागला आणि दोघांनाही पुढे ऐकवेना. मग मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

चौकशी चालू आहे. गाडीवरून त्यांना काढलं आहे. जेवतो का, असं तुम्ही विचारलंत. जेवतात. त्याच्या आईकडे ते स्वतः जाऊन आले. काय बोलणं झालं ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. परत आले तेव्हा कपाळावर खोक होती, टाके मी घातले. मी आता त्यांना पुन्हा तुम्ही म्हणते. तुमच्या भावाचा उल्लेख वर मी "तो" असा केला आहे, ते लिहिण्याच्या ओघात झालं.

लहान आहे, तापट आहे, माफ करा, असं तुम्ही लिहिलंत. ताई, मी माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. हे मी त्यांनाही सांगितलं आहे. ते म्हणाले, ठीक आहे. एवढंच म्हणाले, आवाज न चढवता.

फोनच्या वरच्या भिंतीवर त्यांनी गाडीची किल्ली देण्याआधी रंगाने एक पाटी लिहिली. अक्षर चांगलं आहे त्यांचं. पान लागलं, जनावर लागलं, लांबडं दिसलं, काहीतरी टोचलं, हाताला मुंग्या आल्या, डोळे जड झाले, जीभ जड झाली. कोण बोलतोय ते विचारू नका, आधी गाडी सोडा. नवा ड्रायव्हर आला आहे, तो दूरचा आहे, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. आता त्याला पाठ आहे.

आमचं काही ठरलं नव्हतं, ताई. ठरणार होतं. आदल्या दिवशी मी त्याला तोडून बोलले होते, आणि दीड महिना मी हे घेऊन जगत होते की त्याने मला हाक मारली नाही. पूर्वी त्याचा चेहरा आठवला की तो रागावलेला आठवायचा. आता तो खिडकीतून हात घालून माझा नंबर फिरवताना दिसतो. हे जास्त वाईट आहे. तरी मला हेच हवं होतं.

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

फोन आता मी टाके घालत असले तरी मीच उचलते. आधी "निघालो" म्हणते. कोण आहे ते मग विचारते.

सिस्टर